पहिली प्रत विहाराची

आमचे मामाजी पाणी पिण्याआधी पेल्यात बघतात. पेला उजेडाकडे धरतात, थोडा तिरपा करतात, मगच ओठाला लावतात. घरात नळ आहे, ओट्यावर फिल्टर लावून किती वर्षं झाली, तरी माठाच्या तोंडाला दुपदरी पांढरं कापड बांधल्याशिवाय ते मला माठ भरू देत नाहीत. लग्न होऊन मी शेलूबाजारला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सांगितलं ते हेच. "सूनबाई, कापड उलटं करून धुजो, पण बांधताना जी बाजू वर होती तीच वर ठेवजो. बाजू बदलली का वरचा कचरा खाली जाते." मला वाटलं, आरोग्य खात्यातला माणूस, सोवळं असणारच.

मामाजी म्हणजे माझे सासरे, शेषराव. आरोग्यसेवक होते. घरोघरी ताप विचारत फिरणं, बोटाचं रक्त काचेवर घेणं, गोळ्या वाटणं, विहिरीत औषध टाकणं, यात त्यांची नोकरी गेली. निवृत्त झाले तेव्हा एक शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घड्याळ आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, त्याच संध्याकाळी विहारात नेऊन टांगलं. आमच्या घराची ती रीतच आहे. शेतातलं पहिलं सोयाबीन असो, पोराचा पहिला पगार असो, पहिलं ते विहाराचं. नवा माठ आणला तरी त्याचं पहिलं पाणी बुद्धमूर्तीपुढच्या तांब्यात जातं, मग आमच्या पेल्यात. ही रीत मला माहेरी नव्हती. आता तिच्याशिवाय घास उतरत नाही.

पेल्यात बघण्याचं कारण मला फार उशिरा कळलं. ते आधी सांगते.

मामाजींचं मूळ गाव कामरगावच्या पलीकडे. नाव लिहीत नाही, भावकी अजून तिथंच नांदते. गावात एक दगडी पायऱ्यांची विहीर होती. लोक पायऱ्या उतरून खाली जायचे आणि घोट्याभर पाण्यात उभं राहून घागर बुडवायचे. आमच्या वस्तीला त्या पायऱ्या बंद. आमच्या बाया नाल्याच्या वाळूत झिरा उकरायच्या आणि वाटीवाटीनं घागर भरायच्या. छप्पनचं धर्मांतर झालं, त्यानंतर काही वर्षांनी एका उन्हाळ्यात झिरा पार आटला. वस्तीनं ठरवलं, आता उतरायचं. पहिली उतरली ती मामाजींची आई, धनीबाई. पांढरं लुगडं, डोक्यावर घागर, ओठांत त्रिसरण. मामाजी तेव्हा शाळेत होते, वरच्या दगडावर उभे राहून बघत होते. शिव्या झाल्या, दगड आले, घागरी फुटल्या, पोलीस आले. पण त्या दिवसापासून वस्ती विहिरीवर पाणी भरू लागली.

पुढच्या उन्हाळ्यात धनीबाईच्या घोट्यावर फोड आला. तो फुटला आणि आतून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा डोकावला. नारू. आता कोणी बघितलेला नाही, तेव्हा सगळ्यांना ऐकून तरी माहीत होता. पायातून हातभर लांब निघायचा. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. घाई केली की तुटायचा आणि आत सडायचा. धनीबाईचा तुटला. पाय सुजला, काळा पडला, मग धनुर्वात झाला आणि ती गेली. वस्तीतल्या आणखी कितीतरी पायांतून त्या वर्षी नारू निघाला. गाव म्हणालं, ह्यांनी विहीर बाटवली, विहिरीनं दाखवलं. धनीबाई उतरली अन् नारू घेऊन आली.

हे वाक्य गावात राहिलं. धनीबाईचा फोटो नाही, तिची झोपडी राहिली नाही, तिच्या नावामागे हे एक वाक्य तेवढं राहिलं.

मामाजी मोठे झाले, खात्यात लागले, अकोल्याला प्रशिक्षणाला गेले. तिथं डॉक्टरांनी फळ्यावर खडूनं काढून दाखवलं. नारूची पिल्लं पाण्यात असतात, पाण्याबरोबर पोटात जातात आणि पायातून किडा बाहेर यायला साधारण वर्ष लागतं. निघणारा पाय पाण्यात बुडला की तो पुन्हा पिल्लं सोडतो. मामाजी मला म्हणाले होते, "बाकीचे पोट्टे लिहून घेऊन राह्यले होते, सूनबाई. माह्या हातातली पेन्सिल खाली पडली. मायले एका वर्षानं निघाला. म्हणजे ती उतरली त्याच दिवसाइत तिच्या पोटात गेला. म्हणजे पाण्यात तो आधीच होता. तिच्या आधी कोणाचा तरी पाय होता त्या पाण्यात."

पुढे खात्याची नारू निर्मूलनाची मोहीम निघाली तेव्हा त्याच विहिरीत औषध टाकायला मामाजीच गेले. माणसांना कापडातून पाणी गाळायला त्यांनीच शिकवलं. नारू देशातून गेला. विहीरही बुजली. वाक्य तेवढं गेलं नाही.

ते मी माझ्या कानांनी ऐकलं, राखीच्या लग्नात. राखी म्हणजे दौलतरावांची नात. दौलतराव त्या मूळ गावातले मोठे शेतकरी, मामाजींचे शाळेपासूनचे सोबती. एकमेकांना अरे-तुरे करणारी आता ही दोनच माणसं उरली आहेत. लग्नात जेवणं चालली होती. नवरदेवाकडच्या कोणीतरी विचारलं, गावात जुनी पायऱ्यांची विहीर होती म्हणे? दौलतरावांना तेवढंच पाहिजे होतं. मामाजींच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "होती ना! ह्याची माय उतरली अन् नारू घेऊन आली. मंग ह्यो खात्यात लागला अन् औषध टाकलं. मायनं आणला, लेकानं घालवला! हिसाब बराबर."

सगळे हसले. मामाजीही हसले.

 घरी आल्यावर मी पाणी दिलं, ते मामाजींनी तसंच ठेवलं. म्हणाले, "मी बी हासलो व. पाह्यलं ना तू? माह्या मायवर मी बी हासलो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठरवलं, नारू आईच्या आधीपासून त्या पाण्यात होता हे लिहायचं.

वाशीमला माझे चुलत दीर संघपाल कॉलेजात इतिहास शिकवतात. त्यांना फोन केला. मामाजींना वाटलं होतं पेपरात छापून आणावं. संघपाल म्हणाले, "काका, पेपरात नका देऊ. सकाळी छापते, संध्याकाळी त्याच्यात पोहे बांधते. पुण्याहून एक त्रैमासिक निघते. वैद्यकाचा इतिहास, बस, दुसरं काही नाही. मराठी लेख घेतात. दोन जाणकार तपासतात, मंग छापतात. तिथं छापलं तं कायमचं. उद्या कोणी नारूवर लिहाले बसला का त्याले तुमचा आधार घ्याच लागते."

"मायचं नाव राह्यते?"

"राह्यते."

"बस मंग."

मी रोज संध्याकाळची वंदना झाली की वहीत चार ओळी लिहिते. आज काय रांधलं, कोण आलं, विहारात कोणती गाथा झाली, एवढंच. पण त्यामुळे घरात लिहिणारी म्हणून मीच. मामाजी सांगायचे, मी फोनवर टाइप करायची. आत्याबाई भाजी निवडत ऐकायच्या आणि मध्येच म्हणायच्या, "ते शिव्या कायले सांगता? पुण्याचे लोक वाचतीन!" मामाजी म्हणायचे, "पुण्याच्या लोकाइले शिव्या माईत नाहीत काय?"

लेख झाला. संघपालांनी नियम पाठवले. त्यात एक नियम असा की लेखात लेखक कोण ते कळता कामा नये, तपासणाऱ्याला ओळख लागू नये म्हणून. आता लेखात जागोजागी 'माझी आई' लिहिलेलं. संघपाल म्हणाले, ते काढावं लागते काका. मामाजींनी चष्मा काढून पुसला. मग मला म्हणाले, "लिह्य. धनीबाई नावाची एक महिला." मी एकेक ठिकाणी बदलत गेले. माझी आई पहिली पायरी उतरली, तिथं धनीबाई नावाची एक महिला पहिली पायरी उतरली. ते बाजूला बसून बघत होते. आत्याबाई उठून आत गेल्या.

लेखाबरोबर एक प्रतिज्ञापत्र होतं. हा लेख इतरत्र प्रसिद्ध झालेला नाही व होणार नाही. मामाजींनी वाचून सही केली. "कोण बापा छापते दुसरीकडं," म्हणाले.

उत्तर यायला पावसाळा उजाडला. दोन जाणकारांचे शेरे होते. एकानं लिहिलं होतं, विषय महत्त्वाचा आहे. दुसऱ्यानं लिहिलं होतं, युक्तिवाद पटण्याजोगा आहे, मात्र आठवण म्हणजे पुरावा नव्हे. वस्तीनं विहीर वापरण्याच्या आधी गावात नारू होता, याला त्या काळचा कागद जोडावा, नाहीतर वस्तीबाहेरच्या व्यक्तीचं निवेदन. मला राग आला. मामाजींना नाही आला. "बरोबर म्हणते तो," म्हणाले. "मले ठाऊक हाय, त्याले कसं ठाऊक असन? आपुन दुसऱ्याच्या ठिकाणी असतो तं हेच विचारलं असतं."

कागदासाठी ते आणि मी अकोल्याला गेलो, कारण त्या काळी वाशीम अकोला जिल्ह्यातच होतं. एका कचेरीतल्या बाबूनं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि सांगितलं, "काका, जिल्हा फुटला तवा अर्धे कागद तिकडं गेले, अर्धे इकडं राह्यले. अन् वाळवीनं दोन्हीकडचे खाल्ले. तिनं भेदभाव नाही केला." येताना बसमध्ये मामाजी एवढंच बोलले, "मंग आता दौलत."

दौलतरावांच्या ओसरीत बसलो. त्यांच्या बायकोनं, विजयमालाबाईंनी, चहा आणला. मामाजींनी चहाला हात लावला नाही.

"दौलत, तुह्या बापाच्या पायाले वण होते."

"होते ना. एक नळीवर, एक घोट्यावर."

"काहाचे?"

दौलतराव सुपारी कातरत राहिले. आतून विजयमालाबाईच म्हणाल्या, "सांगा ना जी. मी नवी नवरी होतो तवा आमचे सासरे मलेच तेल लावाले सांगत त्या वणाइले."

"दोरा म्हणत आमच्या घरी," दौलतराव म्हणाले. "नारू म्हणाची बंदी होती. माह्या आजीनं आतल्या माळ्यावर बसवून काडीवर गुंडाळला म्हणत. गावाले कळू देल्लं नाही. पाटलाच्या घरात किडा निघाला म्हणजे कसं?"

"कवा?"

"मी पाळण्यात असीन. तुही माय उतरली त्याच्या लय आधी."

"मंग लग्नात तू—"

"अबे गंमत केली रे! एवढं मनाले लावून घेते काय?"

"गंमत तुही हाय, माय माही हाय."

दौलतरावांनी सुपारी तोंडात टाकली. मग म्हणाले, "लिह्य. माहं पुरं नाव टाक. दौलतराव पाटील सांगते म्हण. पुण्याच्या पुस्तकात नाव येते तं येऊ दे, काय होते?"

मी फोनवर त्यांचं बोलणं भरून घेतलं, घरी येऊन टाइप केलं, आणि त्यांनी सही केली. मनानं मोकळा माणूस. चावडीवर सगळ्यांना सांगत सुटले की पुण्याच्या पुस्तकात माझी साक्ष येणार आहे.

श्रावणात मेल आला. लेख स्वीकारला. पुढच्या अंकात येईल, आता लेखकाचं नाव घालता येईल, मूळ मजकूरही हवा तसा करता येईल. मी वाचून दाखवलं तर मामाजी म्हणाले, "मंग आता महिला काढ." त्याच संध्याकाळी मी फोन घेऊन बसले आणि एकेक महिला काढून आई लिहिली. आत्याबाईंनी खीर केली. शेलूबाजारच्या आमच्या विहारात वर्षावासाचं, म्हणजे पावसाळ्यातलं, ग्रंथवाचन चालू होतं. तिथं भन्तेंनी सगळ्यांसमोर मामाजींना उभं केलं. लोकांनी 'साधू साधू' म्हटलं. मला वाटलं, एवढ्या वर्षांचं पाणी आता निवळलं.

आश्विनात धम्मचक्र प्रवर्तन दिनाला विहार समिती दरवर्षी स्मरणिका काढते. गावातल्या दुकानांच्या जाहिराती, देणगीदारांचे फोटो, चार कविता, दोन लेख. समितीचे सचिव धम्मरत्न घरी आले. "काका, पुण्यानं घेतला तो लेख आमालेही द्या ना. आपल्या माणसाइनं आधी वाचला पाह्यजे."

"आधी म्हणजे? पहिला तुमचाच," मामाजी म्हणाले. "पहिलं विहाराचं, ते का आज ठरलं?"

घरात कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. स्मरणिका म्हणजे काय छापणं का? ती आमच्या आमच्यात वाटायची. कोणी विकत घेत नाही, कोणी विकत नाही. विहारात धान्याची पहिली पायली ठेवली म्हणून पुढे बाजार आपलं धान्य नाकारतो का? संघपाल त्या महिन्यात परीक्षेच्या कामात होते, त्यांना कोणी विचारलं नाही. विचारायचं सुचलंच नाही.

स्मरणिका आली. मामाजींचा लेख मधल्या पानांवर होता, एका बाजूला बियाण्याच्या दुकानाची जाहिरात, दुसऱ्या बाजूला मंडप-डेकोरेशन. मामाजींनी चष्मा लावून उभ्यानंच वाचला. शेवटाला आले आणि पुन्हा पान उलटून मागे गेले. दौलतरावांची साक्ष नव्हती. पूर्ण गाळली होती. गावात नारू आधीपासून होता, एवढं वाक्य राहिलं होतं. कोणाच्या घरात, कोण सांगतं, काही नाही.

धम्मरत्नांना विचारलं. ते म्हणाले, "पानं कमी पडली काका. अन् खरं सांगू? आपल्या स्मरणिकेत पाटलाची साक्ष कायले पाह्यजे? आपल्या मायचं खरं आपल्या तोंडून आपल्याले खरं वाटत नाही काय?"

मामाजींनी ते पान पुन्हा एकदा उघडून बघितलं आणि स्मरणिका मिटली. 

तरी पहिली प्रत त्यांनी बुद्धमूर्तीपुढे ठेवली. दुसरी प्रत पाकिटात घालून पुण्याला पाठवली, वर स्वतःच्या हातानं लिहिलं, 'संपादकबाईंस सप्रेम जयभीम.'

पुण्याच्या संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी सोयाबीन चाळत होते. मामाजींना नीट ऐकू येत नाही म्हणून फोनचा आवाज मोठा केला.

"काका, तुमची स्मरणिका मिळाली. त्यात आपला लेख आहे."

"हो बाई. पहिली विहाराची, दुसरी तुमची."

 मग म्हणाल्या, "काका, मग आम्हाला तो घेता येणार नाही. आधी प्रसिद्ध झालेला लेख आम्ही छापत नाही. तुम्ही सही केली होती ना?"

"प्रसिद्ध कुठं बाई? ते तं आमच्या घरातच वाटलं."

"छापील आहे, काका. तारीख आहे, मुद्रकाचं नाव आहे. मी मंडळापुढे बोलले तुमच्यासाठी. पण एकदा नियम सोडला तर मग सगळ्यांसाठीच सोडावा लागतो."

"मंग तुमी असं करा. तुमचं आधी आलं म्हणा, आमचं मांगून. दोन-चार दिवसाचाच तं फरक."

"असं खोटं कसं लिहू मी?"

"नाही नाही," मामाजी घाईनं म्हणाले. "खोटं नको. ह्या गोष्टीत खोटं नको."

बाई चांगल्या होत्या. त्यांनीच एक वाट सुचवली. दौलतरावांची साक्ष स्मरणिकेत आलेली नाही, तेव्हा ती नवी आहे. तिच्यावर एक छोटं टिपण लिहून पाठवा, ते आम्ही घेऊ. धनीबाईंचं नाव त्यात येईलच. फोन ठेवल्यावर मामाजी मला म्हणाले, "पाह्य, गाळली ते बरंच झालं." त्या आठवड्यात मी त्यांना शेवटचं असं खुशीत बघितलं.

टिपण सगळं दौलतरावांच्या साक्षीवरच उभं राहणार, म्हणून त्यांना पुन्हा विचारून यावं असं मामाजींनी ठरवलं. आम्ही गेलो तेव्हा दौलतराव ओसरीतच होते. पुढ्यात आमची स्मरणिका. कोणीतरी आणून दिली होती. त्यांनी बसा म्हटलं नाही.

"शेषराव, माहं नाव कुठं हाय बा ह्याच्यात?"

"पानं कमी पडली, दौलत. पुण्याच्यात—"

"पुण्याचं राहू दे. मी साऱ्या गावाले सांगतलं, माही साक्ष येऊन राह्यली. पोट्ट्याइनं हे पुस्तक आणून देल्लं, म्हणते, कुठं हाय आबा तुमची साक्ष? ह्याच्यात तं लिहिलं हाय, गावात नारू आधीपासून होता. गावात म्हणजे कोणात? आमच्यातच ना? मी तोंडानं सांगतलं तं माहं नाव गाळलं, अन् आरोप तेवढा ठेवला."

"आरोप नाही रे. तूच तं सांगतलं."

"म्या सांगतलं तवा मी तुह्या बरोबरीनं उभा होतो. आता मले काढून टाकलं. माहं बोलणं तुमच्या पुस्तकात बसत नाही, हो ना? मंग मी बोललोच नाही असं समज."

विजयमालाबाई दारात आल्या. "मी सांगतो. मी पाह्यले वण. माहं नाव लिहा."

"तू चूप! तू आलीस तवा नारू जाऊन राह्यला होता. वण काहाचे होते तुले का ठाऊक?"

"तुमीच तं म्हणले—"

"नको वहिनी," मामाजी म्हणाले. "घरात भांडण नको."

ते उठले. दौलतरावांनी मान वर केली नाही. मी बाहेर येता येता म्हटलं, "मामाजी, आपल्याजवळ सहीचा कागद आहे. फोनमध्ये त्यांचा आवाज आहे."

"माणूस नाही म्हणते तं नाही," मामाजी म्हणाले. "त्याच्या बापाचा पाय हाय तो, आपला नाही. मिटव ते."

मी मिटवलं नाही लगेच. घरी आल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा त्यांच्यासमोर फोनमधला आवाज मिटवला. पुण्याला मेल मीच केला. निवेदन देणाऱ्यांनी निवेदन मागे घेतलं आहे. बाईंचं उत्तर आलं, फार वाईट वाटलं म्हणून. संघपालांनी आणखी दोन नियतकालिकं सुचवली, पण दोन्हीकडे तेच प्रतिज्ञापत्र, इतरत्र प्रसिद्ध झालेला नाही. मामाजी म्हणाले, आता त्याच्याखाली सही कशी करू?

मी रोज वंदनेत म्हणते, सारे संस्कार, म्हणजे जे जे घडलं ते सगळं, अनित्य आहे. कोणी शोक करत आलं की त्यालाही सांगते. मामाजींना मात्र सांगवत नाही. आई अनित्य होती, विहीर अनित्य होती, नारूसुद्धा अनित्य निघाला. मग एका गावातलं एक वाक्य एवढं कसं टिकतं, हे भन्तेंना विचारायचं मनात आहे. अजून विचारलेलं नाही.

त्या वाक्याला आता शेपूटही फुटलंय. भावकीतली एक बाई बाजाराला आली होती, तिनं हसत हसत सांगितलं. तिला वाटलं, आम्हालाही हसू येईल. गावात पोरं म्हणतात, मायनं आणला, लेकानं घालवला, सुनेनं टाइप केला अन् पुण्यानं वापस पाठवला. आत्याबाईंनी तिला चहा न देता वाटेला लावलं. मामाजी आतल्या खोलीत होते. त्यांना नीट ऐकू येत नाही, पण हे ऐकलं असावं.

काल फोनची जागा भरली म्हणून मी जुनं काढून टाकत बसले होते. नारूच्या लेखाच्या दोन फाईली निघाल्या, आधीची आणि नंतरची. मामाजी खाटेवर बसून बघत होते.

"काय काढून राह्यली?"

"लेख. दोन आहेत. एक ठेवते."

"कोणता? महिलेचा का मायचा?"

"आईचा ठेवते, मामाजी."

"कोणाले पाठवाचा हाय आता," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं म्हणाले, "ठेव."

मी पाण्याचा पेला दिला. त्यांनी उजेडाकडे धरला आणि बघत राहिले. पाणी स्वच्छ होतं. लग्नाहून आल्यावर ठेवला होता, तसाच त्यांनी तो न पिता बाजूला ठेवला.